टेक्सासचे दिनविशेष – लेकीच्या कॅलेंडरसाठी तारखा सुचवा

नदीकाठची
नमस्कार मंडळी. लेक यंदा चौथीत गेली. आपल्याकडे चौथीला शिवाजी महाराज असायचे तसं इथे चौथीला वर्षभर टेक्सासचा इतिहास असतो, मग परत सातवीला तोच जरा खोलात. आईने पुण्याहून पाठवलेलं कॅलेंडर स्वयंपाकघरात लावलंय, त्यातल्या जयंत्या पुण्यतिथ्या बघून तिने ठरवलं की टेक्सासचं पण असं दिनविशेषांचं कॅलेंडर करायचं, बारा पानं, चित्रं तिची आणि अक्षर पण तिचं, मी फक्त माहिती शोधून द्यायची.

आत्तापर्यंत लिहिलेलं असं: २ ऑक्टोबर १८३५ गोन्झालेसची तोफ (बंडाची पहिली चकमक), २ मार्च १८३६ मेक्सिकोपासून स्वातंत्र्याचा जाहीरनामा, ६ मार्च अलामो (सॅन अँटोनियोतलं जुनं मिशन, तेव्हा किल्ला म्हणून वापरलेलं) पडलं, २७ मार्च गोलियाडला पकडलेल्या टेक्सासच्या सैनिकांची कत्तल, २१ एप्रिल टेक्सासने जिंकलेली सॅन जसिंटोची लढाई, २९ डिसेंबर १८४५ अमेरिकेतलं अठ्ठाविसावं राज्य, आणि १९ जून १८६५ म्हणजे जूनटीन्थ, टेक्सासातल्या गुलामांच्या मुक्तीचा दिवस.

पण ती एका प्रश्नावर अडलीय. टेक्सासचा वाढदिवस कुठला? २ मार्च की २९ डिसेंबर? तिचं म्हणणं केक एकाच दिवशी काढायचा. मला ठामपणे सांगता येईना म्हणून इथे आले. आणखी तारखाही सुचवा, १८६५ पर्यंतच्याच हव्या आहेत.

रानवाटा
रुमाल टाकून ठेवतो. सॅन अँटोनियोत वीस वर्षं झाली, रात्री सविस्तर लिहितो.

पहाटवारा
छान धागा ताई. मी कॉलेज स्टेशनला टेक्सास ए अँड एम विद्यापीठात शिकतोय. २१ एप्रिल आमच्याकडे फार मोठा दिवस आहे, मस्टर म्हणतात. वर्षभरात गेलेल्या माजी विद्यार्थ्यांची नावं पुकारतात आणि त्या माणसाच्या वतीने घरचं किंवा मित्रांपैकी कोणीतरी 'हियर' म्हणतं. गेल्या वर्षी पहिल्यांदा गेलो होतो, हजारो लोक आणि टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता, अंगावर काटा आला. ही तारीख सॅन जसिंटोवरून आलीय हे मला तिथे गेल्यावर कळलं.

जुनीवही
धागा आवडला. मी निवृत्त शिक्षिका, साताऱ्यात एकतीस वर्षं इतिहास शिकवला, सध्या ऑस्टिनला मुलीकडे आहे आणि इथल्या लायब्ररीत बसून हाच काळ वाचतेय त्यामुळे राहवलं नाही.

नातीसारखीच आहे म्हणून सांगते, तिला म्हणावं तारीख लिहिलीस की लगेच दुसरा प्रश्न विचार, ही बातमी बाकीच्यांना कधी कळली? तार नव्हती तेव्हा तिथे. घोडेस्वार जाईल तेव्हा बातमी जाईल. १८३६ चा मार्च महिना असा वाचला की फार वेगळा दिसतो बघ.

२३ फेब्रुवारीला मेक्सिकोचा अध्यक्ष आणि सेनापती सांता अ‍ॅना सैन्य घेऊन सॅन अँटोनियोत पोचला आणि अलामोला वेढा पडला. २४ ला आतल्या लोकांचा प्रमुख ट्रॅव्हिस याने मदतीचं पत्र लिहिलं, ते प्रसिद्ध पत्र, शेवटी 'विजय किंवा मृत्यू'. ते बाहेर नेलं अल्बर्ट मार्टिनने. गोन्झालेस सत्तर मैलांवर, तिथून बत्तीस माणसं निघाली आणि १ मार्चच्या पहाटे वेढ्यातून आत शिरली. मार्टिन पत्र पोचवून सुटला होता, तो पण परत आत गेला. बाहेरून मदत म्हणून आली ती एवढीच.

आणि त्याच १ मार्चला दीडएकशे मैलांवर ब्राझोस नदीकाठच्या वॉशिंग्टन गावात प्रतिनिधींची सभा भरली. इमारत अर्धवट बांधलेली, खिडक्यांना काचा नाहीत म्हणून सुती कापड ताणून लावलेलं, थंडी कडाक्याची. २ मार्चला जाहीरनामा मंजूर झाला, एकोणसाठ जणांनी सह्या केल्या. त्याच दिवशी सॅम ह्यूस्टनला, जो पुढे टेक्सासचा अध्यक्ष झाला, त्रेचाळीस वर्षं पूर्ण झाली, तोही तिथे प्रतिनिधी म्हणून बसलेला.

आता हे बघ. ३ मार्चला अलामोत शेवटचा निरोप्या आला, बॉनम, पण तो काही वॉशिंग्टनच्या सभेकडून आलेला नव्हता. म्हणजे स्वातंत्र्य जाहीर झालंय हे आतल्या माणसांना कळलंच नाही. ज्यासाठी मेले ते राष्ट्र जन्मलंय हे त्यांना मरेपर्यंत माहीत नव्हतं. ट्रॅव्हिसने ३ तारखेला शेवटचं पत्र पाठवलं ते सभेत पोचलं ६ मार्चला, रविवारी. अध्यक्षांनी वाचून दाखवलं, एक सभासद उठून म्हणाला सगळे आत्ताच अलामोला निघूया, ह्यूस्टनने विरोध केला की आधी सरकार उभं करा. आणि ही चर्चा चालू असताना तिकडे ट्रॅव्हिस त्याच दिवशी पहाटे मारला गेला होता. मेलेल्या माणसाचं पत्र वाचून जिवंत माणसं त्याला वाचवायला निघायचं का यावर बोलत होती. हे वाचलं त्या रात्री मला झोप आली नाही.

नदीकाठची
जुनीवही आजी, हे मी लेकीला मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली मग ६ मार्चच्या चौकोनात दोन चित्रं काढायला पाहिजेत, एक अलामोचं आणि एक कापड लावलेल्या खिडकीचं. खूप खूप धन्यवाद.

रानवाटा
आजींनी इतकं सुंदर लिहिलंय की मी वेढ्याबद्दल परत लिहीत नाही, फक्त सॅन अँटोनियोच्या बाजूने थोडी भर घालतो.

लोक १८३५ पासूनच सुरुवात करतात याचं मला वाईट वाटतं, कारण हे गाव त्याच्या आधी शंभरावर वर्षं नांदत होतं. पहिली तारीख १ मे १७१८ टाका. सॅन अँटोनियो दे व्हॅलेरो मिशनची स्थापना, हेच मिशन पुढे अलामो झालं. आपल्या घरात १ मे म्हटलं की महाराष्ट्र दिन, तेव्हा लेकीच्या लक्षात पण राहील. मग ९ मार्च १७३१, कॅनरी बेटांवरून निघालेली पन्नासएक माणसं, बायकामुलं धरून, मेक्सिकोतून चालत इथे पोचली आणि त्यांनी टेक्सासातली पहिली नागरी वसाहत केली. त्यांनी उभारलेल्या सॅन फर्नांडो चर्चच्या टोकावरच पुढे सांता अ‍ॅनाने लाल निशाण लावलं, म्हणजे कोणालाही जिवंत सोडणार नाही.

दुसरं, २ मार्चच्या एकोणसाठ सह्यांमध्ये फक्त दोघेच टेक्सासच्या मातीत जन्मलेले होते, होसे अंतोनियो नवारो आणि त्याचा मामा होसे फ्रान्सिस्को रुईझ, दोघेही सॅन अँटोनियोचे, दोघेही स्पॅनिश बोलणारे. बाकी सगळे बाहेरून आलेले. नवारोचा जन्म २७ फेब्रुवारी १७९५, ही जयंती नक्की घाला. त्याचं घर इथे अजून जपलेलं आहे, मुलांना दाखवण्यासारखं आहे.

तिसरा ह्वान सेगीन. हा अलामोत होता, ट्रॅव्हिसने निरोप देऊन बाहेर पाठवला म्हणून वाचला. सॅन जसिंटोला त्याच्या तुकडीने टोप्यांमध्ये पुठ्ठ्याचे तुकडे खोचले, का तर आपल्याच बाजूच्या लोकांनी मेक्सिकन समजून गोळी घालू नये. २५ फेब्रुवारी १८३७ ला अलामोच्या मृतांची राख लष्करी इतमामात पुरली ती यानेच. पुढे गावाचा मेयर झाला, पण नव्याने आलेल्या लोकांनी संशय घेऊन घेऊन इतकं छळलं की १८४२ मध्ये राजीनामा देऊन मेक्सिकोत पळून जावं लागलं. ज्या देशासाठी लढला तिथे तो परका ठरला. आपण पण इथे बाहेरून आलेलोच आहोत, त्यामुळे मला हे फार लागतं. त्याची हाडं १९७४ मध्ये परत आणली आणि ४ जुलै १९७६ ला त्याच्याच नावाच्या गावात पुरली.

तांबडमाती
वाढदिवसाच्या प्रश्नावर लिहितो. कागदावर २९ डिसेंबर १८४५ बरोबर आहे कारण त्या दिवशी प्रेसिडेंट पोकने सही केली. पण आजींचा नियम लावला तर प्रत्यक्ष सूत्रं हातात दिली ती १९ फेब्रुवारी १८४६ ला, ऑस्टिनमध्ये. शेवटचा अध्यक्ष अ‍ॅन्सन जोन्स भाषणाच्या शेवटी म्हणाला की टेक्सासचं प्रजासत्ताक आता उरलेलं नाही, मग तो झेंडा उतरवला आणि अमेरिकेचा चढवला. मधले सात आठवडे काय समजायचे? सहीने राज्य झालेलं आणि कारभार जुनाच.

म्हणून मी म्हणेन केक २ मार्चलाच काढा. देश म्हणून जन्म झाला तो तेव्हा, पुढे जवळजवळ दहा वर्षं स्वतःचा अध्यक्ष, स्वतःचं चलन, स्वतःचं आरमार. झेंडा हवा असेल तर २५ जानेवारी १८३९, आत्ताचा एका ताऱ्याचा झेंडा त्या दिवशी मंजूर झाला. आणि ह्यूस्टनकरांसाठी ३० ऑगस्ट १८३६, अ‍ॅलन बंधूंनी बफेलो बायूच्या काठावरच्या नव्या गावाची जाहिरात पेपरात दिली, तोच शहराचा वाढदिवस धरतात.

शंखशिंपले
सगळं वाचतेय, वाचनखूण साठवली. एक गोष्ट मात्र बोलल्याशिवाय राहवत नाही. २ मार्चला केक काढताना त्या दिवशी स्वातंत्र्य कोणाला मिळालं हे पण मुलीला सांगा. मेक्सिकोच्या सरकारने १८२९ साली १५ सप्टेंबरला गुलामगिरी बंद केल्याचा हुकूम काढला होता, टेक्सासने सूट मागून घेतली. स्टीफन ऑस्टिनने वसवलेल्या अमेरिकनांच्या वसाहतीत १८२५ मध्ये साधारण अठराशे माणसं होती त्यात ४४३ गुलाम. आणि २ मार्चनंतर पंधरवड्यात त्याच सभेने जी राज्यघटना केली तिच्यात लिहिलं की काँग्रेसला गुलाम मुक्त करता येणार नाही, मालकाला स्वतःला सोडायचे असले तरी काँग्रेसची परवानगी लागेल, आणि स्वतंत्र काळ्या माणसाला काँग्रेसच्या संमतीशिवाय टेक्सासात कायमचं राहता येणार नाही. १८६० च्या शिरगणतीत टेक्सासात १,८२,५६६ गुलाम होते. सहा लाखांच्या वस्तीत.

तांबडमाती
शंखशिंपले ताई, हे सगळं मान्य आहे, मी नाकारत नाही. पण फक्त गुलामगिरीसाठी बंड झालं असं मुलांना सांगितलं तर तेही अपुरं होईल. सांता अ‍ॅनाने १८२४ ची संघराज्याची घटना मोडून सगळी सत्ता मेक्सिको शहरात ओढली. १८३५ च्या मे महिन्यात झाकातेकास राज्याने विरोध केला तर तिथे फौज नेऊन चिरडलं, आणि ती तर पूर्ण मेक्सिकन वस्ती. लोरेन्झो दे झावाला हा माणूस बघा, युकातानमध्ये जन्मलेला, १८२४ ची घटना करणाऱ्या सभेचा अध्यक्ष, तो सांता अ‍ॅनाला सोडून टेक्सासात आला, २ मार्चच्या जाहीरनाम्यावर त्याची सही आहे आणि प्रजासत्ताकाचा पहिला उपाध्यक्ष तोच. सॅन जसिंटोनंतर जखमींना ठेवायला स्वतःचं घर दिलं. त्याला गुलाम राखायचे म्हणून तो आला असं नाही म्हणता येत.

शंखशिंपले
झावालाबद्दल तुमचं बरोबर आहे, दोन्ही कारणं एकत्रच होती. माझं एवढंच की पुस्तकात एक ठळक असतं आणि दुसरं बारीक अक्षरात, कॅलेंडरवर दोन्ही सारख्याच अक्षरात यावं.

१९ जूनबद्दल थोडं, कारण आम्ही दर वर्षी गॅलव्हस्टनला जातो. लिंकनचा गुलाममुक्तीचा जाहीरनामा १ जानेवारी १८६३ चा. अमेरिकेच्या सैन्याच्या जनरल ग्रेंजरने गॅलव्हस्टनमध्ये तिसरा हुकूम काढला तो १९ जून १८६५. मध्ये अडीच वर्षं. इथे मात्र आजींच्या घोडेस्वाराचा प्रश्न नव्हता हे लेकीला समजावून सांगा. मालकांना माहीत होतं, पेपरात आलेलं होतं, पण अंमल करायला सैन्यच नव्हतं आणि कापसाचं पीक उभं होतं. हुकुमात पूर्ण समानतेचे शब्द आहेत आणि त्याच्याच खाली असं पण लिहिलंय की मोकळ्या झालेल्यांनी आहे त्याच घरी शांतपणे राहावं आणि मजुरीवर काम करावं. पहिल्यांदा पूर्ण हुकूम वाचला तेव्हा मी त्या ओळीवर कितीतरी वेळ थांबले. ह्यूस्टनमध्ये या लोकांनी आपापसात पैसे गोळा करून १८७२ ला दहा एकर जागा घेतली, हा दिवस साजरा करायला स्वतःची जागा असावी म्हणून. तेच आजचं इमॅन्सिपेशन पार्क. टेक्सासात ही सुट्टी १९८० पासून, सगळ्या देशात २०२१ पासून.

नदीकाठची
आम्ही शुगरलँडला राहतो. गावाच्या नावात साखर आहे ती इथल्या उसाच्या मळ्यांमुळे. २०१८ मध्ये इथे शाळेचं बांधकाम चालू असताना पंच्याण्णव माणसांचे सांगाडे सापडले, गुलामगिरी संपल्यानंतर कैदी म्हणून भाड्याने देऊन मळ्यात राबवलेले काळे लोक. आमच्या घरापासून लांब नाही ते. ते १८६५ च्या नंतरचं आहे म्हणून कॅलेंडरमध्ये बसत नाही, पण १९ जून संपून सगळं ठीक झालं असं मी तिला सांगू शकत नाही. नवऱ्याचं मत की नऊ वर्षांच्या मुलीला एवढं नको. माझं अजून ठरत नाहीये.

जुनीवही
सांग तिला. मी शाळेत मुलांना औरंगजेबाने संभाजी महाराजांचे केलेले हाल सांगायचे तेव्हा पण पालक यायचे, एवढं कशाला म्हणून. मुलं ऐकतात, गप्प होतात आणि दुसऱ्या दिवशी नेमका प्रश्न विचारतात. तू जवळ बसून सांग एवढंच.

आणि अजून एका माणसाची तारीख देते, त्याला कोणी जागा देत नाही. चेरोकी लोकांचा म्हातारा प्रमुख बोल्स. पूर्व टेक्सासात यांची शेती, गुरं, घरं होती. २३ फेब्रुवारी १८३६ ला सॅम ह्यूस्टनने त्यांच्याशी तह केला की तुम्ही युद्धात पडू नका, ही जमीन तुमची. तारीख बघितलीस ना? त्याच दिवशी सांता अ‍ॅना अलामोपाशी आला. चेरोकींनी शब्द पाळला, ते शांत राहिले. लढाई जिंकल्यावर टेक्सासच्या सिनेटने डिसेंबर १८३७ मध्ये तह फेटाळला. ह्यूस्टननंतर लमार अध्यक्ष झाला, त्याला हे लोक इथे नकोच होते. १६ जुलै १८३९, नेचेस नदीजवळच्या लढाईत बोल्स मारला गेला, वय ऐंशीच्या पुढे, कमरेला ह्यूस्टनने भेट दिलेली तलवार. बाकीच्यांना रेड नदीपलीकडे हाकललं. ह्यूस्टन या सगळ्यावर जाहीरपणे चिडून बोलला, लोकांचा रोष घेतला, पण तह काही परत आला नाही.

पहाटवारा
आजी हे आम्हाला कुठेच शिकवलं नाही. मी तर इंजिनिअरिंगला आलोय पण इथल्या मित्रांना विचारलं, त्यांनी सातवीत टेक्सास हिस्टरी केलीय तरी बोल्स कोणाला माहीत नव्हता. अलामो मात्र प्रत्येकाला तोंडपाठ.

सॅन जसिंटोचे आकडे हवेत का ताई? दुपारी साडेचारच्या सुमाराला हल्ला, अठरा मिनिटांत लढाई संपली असं ह्यूस्टनने रिपोर्टमध्ये लिहिलंय. टेक्सासचे नऊशेच्या आसपास, त्यातले नऊ गेले. मेक्सिकोचे सहाशेच्या वर मेले आणि सातशेच्या वर पकडले गेले. अठरा मिनिटांनंतर पण मारणं चालूच होतं, शरण येणाऱ्यांना सुद्धा, अलामो आणि गोलियाडच्या नावाने ओरडत. सांता अ‍ॅना दुसऱ्या दिवशी सापडला, साध्या शिपायाचे कपडे घालून, म्हणून २२ एप्रिल पण टाका.

रानवाटा
२१ एप्रिलचाच विषय निघाला म्हणून एक सांगतो, हे मला पण उशिराच कळलं. अलामोत ट्रॅव्हिसचा गुलाम होता, ज्यो, वीसेक वर्षांचा. तो ट्रॅव्हिसच्या बाजूला बंदूक घेऊन लढला. ट्रॅव्हिस पडला ते त्याने डोळ्यांनी बघितलं. मेक्सिकन सैनिकांनी त्याला जिवंत सोडला. मग तो टेक्सासच्या नव्या मंत्रिमंडळापुढे उभा राहिला आणि आत काय झालं ते सगळं सांगितलं, अलामोबद्दल आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं त्याच्या आणि अलामोतूनच वाचलेल्या सुझाना डिकिन्सनच्या तोंडून आलेलं आहे. ऐकणाऱ्यांनी त्याची वाखाणणी केली आणि त्याला परत पाठवला ट्रॅव्हिसच्या इस्टेटीत, कारण तो मालमत्तेत मोजलेला होता.

एक वर्षाने, २१ एप्रिल १८३७ ला, सॅन जसिंटोच्या पहिल्या वर्षदिनी, ज्यो पळाला. सोबत एक मेक्सिकन माणूस आणि दोन घोडे. २६ मेच्या पेपरात जाहिरात आली, पकडून देणाऱ्याला पन्नास डॉलर.

शंखशिंपले
रानवाटा, हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. गावभर लोक विजयाच्या आनंदात असणार, त्याने नेमका तोच दिवस पकडला.

तांबडमाती
मला माहीत नव्हतं. आधी मी देशाचा जन्म वगैरे लिहिलं त्यावर ठाम आहे, पण ज्योची तारीख त्याच पानावर असायलाच हवी. अनुमोदन.

नदीकाठची
कॅलेंडर आज पूर्ण झालं. फोटो चढवता येत नाहीये म्हणून सांगते. तिने प्रत्येक चौकोनात दोन रंग वापरलेत, निळ्याने घडलं ती तारीख आणि लाल रंगाने कळलं ती तारीख. १ जानेवारी निळं, १९ जून लाल. केक शेवटी तीन काढलेत, २ मार्चला, १९ फेब्रुवारीला आणि १९ जूनला, तिन्ही सारख्याच आकाराचे. १६ जुलैला तलवार आहे. २१ एप्रिलच्या चौकोनात वर सॅन जसिंटोची गर्दी आणि खाली दोन घोडे, त्यावर दोन माणसं, पाठमोरी. २६ मेच्या चौकोनात जाहिरात लिहून तिने विचारलं की आई हे निळ्याने लिहू की लाल, ज्योला ही जाहिरात कळली असेल का? मग पेन्सिलनेच लिहिलं.

आणि पंच्याण्णव माणसांबद्दल मी तिला काल रात्री सांगितलं. नवरा पण बसला होता शेजारी.

२ मार्चच्या जवळच्या शनिवारी आम्ही ब्राझोसकाठच्या वॉशिंग्टनला जातोय, सभा भरली होती तशीच इमारत तिथे परत बांधलीय, ह्यूस्टनहून दीड तास. डबे घरून नेतोय. आजी, ऑस्टिनहून तुम्हाला कोणी आणून सोडणार असेल तर याल का? लेक म्हणतेय त्या आजींना कॅलेंडर दाखवायचंय.

जुनीवही
येते गं. मुलीला विचारलं, ती आणून सोडेल. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी मी आणते, तुम्ही भाजीचं बघा.